श्रोता, वक्ता आणि संहिता : १९३६ मधील दोन भाषणांचा तौलनिक विचार

वक्त्याने श्रोत्यांना ओळखावे आणि त्यांना अनुसरून बोलावे, हा उपदेश वक्तृत्वविषयक बहुतेक पुस्तकांच्या पहिल्या काही पानांतच येतो. तो इतका सर्वमान्य आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परंतु 'अनुसरून' या शब्दाचा नेमका अर्थ काय? श्रोत्यांना जे ऐकावयाचे आहे ते सांगणे, की जे सांगावयाचे आहे ते श्रोत्यांना ऐकता येईल अशा रीतीने सांगणे? या दोहोंतील अंतर वरवर पाहता थोडे दिसते. प्रत्यक्षात मात्र वक्तृत्वाच्या नीतीचा सारा प्रश्न त्या अंतरात सामावलेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९३६ मधील दोन भाषणांच्या आधारे करावयाचा आहे. त्यांतील एक इंग्रजीत लिहिले गेले आणि कधीच दिले गेले नाही. दुसरे मराठीत दिले गेले. दोहोंचा विषय मूलतः एकच होता.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. प्लेटोने 'गॉर्जियास' या संवादात वक्तृत्वाची तुलना पाककलेशी केली आणि त्याला खुशामतीचा एक प्रकार ठरविले. जिभेला रुचणारे आणि शरीराला हितकर असणारे यांत वैद्य भेद करतो, स्वयंपाकी करीत नाही, असा त्याचा आक्षेप होता. परंतु 'फीड्रस'मध्ये त्याच प्लेटोने आत्म्यांचे प्रकार जाणून प्रत्येकाला योग्य असे भाषण योजणाऱ्या वक्त्याची कल्पना मांडली. अॅरिस्टॉटलने तिचा विस्तार केला. भाषणाचे तीन प्रकार त्याने विषयावरून पाडले नाहीत, श्रोत्यावरून पाडले: होऊन गेलेल्या गोष्टींचा निवाडा करणारा श्रोता, होऊ घातलेल्या गोष्टींबद्दल निर्णय घेणारा श्रोता आणि केवळ प्रेक्षक म्हणून ऐकणारा श्रोता. त्याच्या 'ऱ्हेटरिक'च्या दुसऱ्या भागात तरुण, वृद्ध आणि प्रौढ यांच्या स्वभावांची जी वर्णने आहेत, ती आजही वाचनीय आहेत.

भरताच्या नाट्यशास्त्रात सिद्धीच्या प्रकरणात प्रेक्षकांची अशीच वर्गवारी आढळते. तरुणांना शृंगार रुचतो, अर्थपरायणांना अर्थप्राप्तीच्या गोष्टी, शूरांना युद्ध, वृद्धांना पुराणकथा, असा तिचा आशय आहे. साम्य लक्षणीय आहे, तथापि त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. भरताला एकाच प्रयोगात या साऱ्यांना सामावून घ्यावयाचे आहे. अॅरिस्टॉटलच्या वक्त्याला एका विशिष्ट सभेकडून एक विशिष्ट निर्णय घडवून आणावयाचा आहे. शिवाय भारतीय शास्त्रपरंपरेत आणखी एक संकल्पना आहे, ती म्हणजे 'अधिकारी'. वेदान्तातील अनुबंधचतुष्टयात अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन असा क्रम लावलेला असतो. ग्रंथाच्या आरंभीच तो कोणासाठी आहे हे सांगितले जाते. येथे प्रश्न उलटा होतो. वक्ता श्रोत्याला योग्य आहे काय असे विचारले जात नाही. श्रोता वचनाला पात्र आहे काय, असे विचारले जाते. या 'अधिकार' कल्पनेला भारतीय समाजात जातीचे जे परिमाण प्राप्त झाले, ते ध्यानात घेतल्याखेरीज आधुनिक भारतीय वक्तृत्वाचा विचार करणे मला शक्य वाटत नाही. ज्याला श्रवणाचाही अधिकार नाकारला गेला होता, त्या माणसाला 'श्रोता' म्हणून समोर बसविणे हीच एक घटना होती.

मराठीत या घटनेचा एक पूर्वेतिहास आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी कवी श्रोत्यांकडे अवधान मागतो आणि लगेच आपल्या त्या मागणीतील धिटाईबद्दल त्यांची क्षमाही मागतो. संस्कृत ग्रंथाचा अर्थ देशी भाषेत आणताना श्रोत्याशी असलेले नातेही तेथे नव्याने घडत होते. पुढे कीर्तनाने या नात्याला निश्चित आकृती दिली: नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) तर निरूपणाचे रूपांतर प्रश्नोत्तरांतच केले. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. त्यांच्या कीर्तनात सिद्धान्त वक्ता सांगत नाही. श्रोता स्वतःच्याच उत्तरांनी त्याच्यापाशी येऊन पोहोचतो. सभेतील भाषण आणि कीर्तन यांच्यात मराठी समाजाने कधी फार उंच भिंत घातली नव्हती, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा आपला निर्धार जाहीर केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली. मंडळ सुधारणावादी सवर्ण हिंदूंचे होते; जातिभेद नष्ट करणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. आंबेडकरांनी काहीशा अनिच्छेने होकार दिला आणि भाषण लिहावयास घेतले. ९ एप्रिल १९३६ रोजी मंडळाच्या वतीने हर भगवान मुंबईस आले, आणि मजकुराचा परिचय झाल्यावर पत्रव्यवहाराचा सूर पालटला. वेदशास्त्रांच्या प्रामाण्यावरील टीका आणि हिंदू म्हणून आपले हे शेवटचे भाषण असल्याचा उल्लेख या गोष्टी मंडळाला अडचणीच्या वाटल्या. मधल्या काळात आंबेडकर अमृतसरच्या शीख प्रचार परिषदेस उपस्थित राहिले, त्यानेही अस्वस्थता वाढली असावी. काही वजनदार मंडळींनी निवडीला विरोध करून अंग काढून घेतले. भाषणातील काही भाग गाळावा, अशी सूचना आली. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद झालीच नाही. मे १९३६ मध्ये त्यांनी ते भाषण स्वखर्चाने 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

या प्रकरणाकडे सामान्यतः वक्त्याच्या बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु एवढ्यावर थांबल्यास एक गैरसमज होतो: आंबेडकरांनी श्रोत्यांची पर्वा केली नाही, असा. संहिता काळजीपूर्वक वाचल्यास चित्र वेगळे दिसते. भाषणाचा आरंभच मंडळाच्या सभासदांबद्दल सहानुभूती व्यक्त करून होतो. मला निवडल्याबद्दल तुम्हाला अनेक प्रश्न विचारले जातील, असे वक्ता म्हणतो; आणि ते प्रश्न स्वतःच मांडून दाखवितो. लाहोरच्या सभेत मुंबईचा माणूस का? सवर्णांच्या सभेत अस्पृश्य अध्यक्ष का? श्रोत्याच्या मनातील अढी श्रोत्याआधी उच्चारणे हे वक्तृत्वातील जुने कौशल्य आहे. येथे मात्र त्याला विलक्षण धार आली आहे. याच ठिकाणी रामदासांच्या दासबोधाचा संदर्भ येतो. अंत्यज पंडित असला तरी त्याला गुरू करावे काय, या प्रश्नाचे रामदासांनी दिलेले नकारार्थी उत्तर वक्ता पंजाबी श्रोत्यांना सांगतो. मराठी ग्रंथ लाहोरला कोणी वाचलेला नव्हता. म्हणून रामदास कोण, दासबोध कोणत्या प्रकारचा ग्रंथ, हेही तो सांगतो. अधिकाराचा जो प्रश्न आपण वर पाहिला, तोच येथे उलटून समोर येतो. श्रोता होण्याचाही ज्याला अधिकार नव्हता, तो आता वक्त्याच्या आसनावरून विचारीत आहे की तुम्ही मला ऐकण्यास तयार आहात काय.

पुढील सारी मांडणीही या विशिष्ट श्रोत्याला समोर ठेवून झालेली आहे. सुधारकांमध्ये दोन प्रकारचे आक्षेप अपेक्षित होते: आधी राजकीय स्वातंत्र्य, मग सामाजिक सुधारणा, असे म्हणणारे, आणि आधी आर्थिक क्रांती, असे म्हणणारे. दोघांनाही उत्तर मिळते. राजकीय सुधारणावाद्यांसाठी लासालच्या राज्यघटनेवरील व्याख्यानाचा आधार आहे. समाजवाद्यांसाठी रोममधील प्लेबियन वर्गाचे उदाहरण आहे. डेल्फीच्या देवतेचा कौल मान्य असणे ही अट त्या वर्गाच्या धर्मश्रद्धेतच रुजलेली असल्यामुळे हाती आलेली सत्ताही त्यांना कशी वापरता आली नाही, हे तेथे सांगितले आहे. ल्यूथर, पैगंबर, गुरू नानक ही नावे राजकीय क्रांतीआधी धार्मिक क्रांती होते हे सांगण्यासाठी येतात. यांत नानकांचे नाव लाहोरच्या सभेत केवळ दाखला म्हणून राहत नाही. ते श्रोत्यांच्या घरातले नाव आहे. वक्ता श्रोत्यांच्या वाचनाला, भूगोलाला आणि अभिमानाला अनुसरून बोलत होता. बदलण्यास तो तयार नव्हता तो निष्कर्ष.

आता दुसरे भाषण. ३१ मे १९३६ रोजी मुंबईत दादर येथे मुंबई इलाखा महार परिषदेपुढे आंबेडकरांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. लाहोरचे भाषण रद्द होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. या भाषणाचे शीर्षक मराठी वळणाचे नाही; ते बंगाली वळणाचे आहे. बंगालमधील 'युगांतर' पत्रातील लेखांचा याच नावाचा एक संग्रह विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाला होता. परंतु मराठी श्रोत्याच्या कानाला त्यातील 'मुक्ती' हा शब्द संतपरंपरेतून आलेला, चार मुक्तींच्या संदर्भासह आलेला आहे. भाषण त्या शब्दाला वैकुंठातून गावाच्या वेशीवर आणते.

धर्मांतराचा विषय महत्त्वाचा तितकाच गुंतागुंतीचा आहे, सामान्य माणसाला तो समजावून देणे सोपे नाही, आणि तुमची खात्री पटल्यावाचून तो अमलात येणे शक्य नाही. म्हणून तो शक्य तितक्या सोप्या रीतीने सांगेन, असे वक्ता प्रारंभीच म्हणतो. या विधानात श्रोत्याचे स्थान निश्चित झाले आहे. तो शिष्य नव्हे, निर्णय घेणारा आहे. अॅरिस्टॉटलच्या परिभाषेत पुढील काळाबद्दल निवाडा करणारा. परिषदेला केवळ महारांनाच का बोलाविले याचेही कारण दिले जाते: हक्क मागण्यासाठी सारे अस्पृश्य एकत्र येऊ शकतात, पण धर्म बदलण्याचा निर्णय प्रत्येक जातीने आपापला घेतला पाहिजे.

दोन्ही भाषणांतील पुराव्यांची तुलना केली असता या लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. लाहोरच्या भाषणात अत्याचारांची माहिती दस्तऐवजाच्या रूपात येते. इंदूरच्या परिसरातील बलाई समाजावर लादलेल्या अटी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या ४ जानेवारी १९२८ च्या अंकातून, गावांच्या नावांसह दिलेल्या आहेत. अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा, जयपूर संस्थानातील चकवारा येथील घटनाही अशाच तपशिलाने येतात. श्रोत्याला हे अनुभवाने ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून मान्य नाही, असे गृहीत धरून केलेली ही मांडणी आहे; छापील वृत्तपत्र हा त्या श्रोत्याला नाकारता न येणारा साक्षीदार. मुंबईच्या भाषणात साक्षीदाराची गरज नव्हती, कारण साक्षीदारच समोर बसले होते. तेथे मुले शाळेत घातल्याबद्दल, विहिरीवर पाणी भरल्याबद्दल, वर घोड्यावर बसविल्याबद्दल झालेली मारहाण या गोष्टींची केवळ उजळणी होते. सांगावयाचे होते ते त्यामागील कारण.

ते कारण तीन बळांच्या रूपाने येते: मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. लासाल नाही, रोम नाही. त्याऐवजी गावातलेच एक निरीक्षण आहे. एखाद्या गावात मुसलमानांची दोनच घरे असतात, तुमची दहा असतात; तरी त्यांच्या वाटेस कोणी जात नाही आणि तुमच्यावर मात्र जुलूम होतो, असे का? त्या दोन घरांच्या पाठीशी गावाबाहेरचा सारा समाज उभा असतो, हे उत्तर श्रोत्याने मनातल्या मनात दिल्यावर मगच वक्ता ते उच्चारतो, असे वाटते. गाडगेबाबांच्या प्रश्नोत्तरांशी या रीतीचे नाते स्पष्ट आहे.

याहून सूक्ष्म असा फरक मूल्यांच्या त्रयीत दिसतो. लाहोरच्या भाषणात आदर्श समाज स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभा आहे. मुंबईच्या भाषणात व्यक्तीच्या विकासाला आवश्यक अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत: सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य. बंधुतेच्या जागी सहानुभूती आली आहे आणि क्रमही उलटला आहे. याला केवळ सुलभीकरण म्हणता येणार नाही. बंधुता ही समाजाची अवस्था आहे. ती निर्माण करण्याची जबाबदारी ज्यांनी ती नाकारली त्यांच्यावर आहे, म्हणून ती त्यांना सांगितली जाते. सहानुभूती ही माणसाला मिळते किंवा मिळत नाही. ती तुम्हाला या धर्मात मिळते काय, असे नाकारलेल्याला विचारता येते. एकच विचार दोन टोकांनी पकडला की त्याचा शब्द बदलतो.

असाच प्रकार उद्दिष्टाबाबत घडतो. सवर्ण श्रोत्याला आंबेडकर सांगतात की जातिसंस्थेचे उच्चाटन हे तुमचे काम आहे, माझ्या मार्गाने नसेल तर तुमच्या मार्गाने करा, मी तुमच्याबरोबर असणार नाही. महार श्रोत्याला ते सांगतात की हिंदू समाजाची सुधारणा हे आपले उद्दिष्ट नाही आणि कार्यक्षेत्रही नाही. आपल्याला स्वातंत्र्य मिळवावयाचे आहे. एखाद्या उथळ वाचकाला यात विसंगती दिसेल. वस्तुतः ही एकाच विधानाची दोन अर्धे आहेत आणि प्रत्येक अर्ध ज्याचे त्याला दिले आहे. दोन्ही भाषणे परस्परांच्या श्रोत्यांनी ऐकली असती तरी वक्त्याला एकही शब्द मागे घ्यावा लागला नसता. श्रोत्यांना अनुसरणे आणि श्रोत्यांची खुशामत करणे यांतील भेद ओळखण्यासाठी यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही. दुसऱ्या सभेला पहिल्या सभेतले भाषण ऐकविले तर वक्ता अडचणीत येतो काय, एवढेच पाहावयाचे.

'सोपे करणे' याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. ग्रामीण, अल्पशिक्षित श्रोत्यांपुढे मोठे संदर्भ आणू नयेत, असे मानण्याचा प्रघात आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेत आंबेडकरांनी खेड्यापाड्यांतून आलेल्या श्रोत्यांना १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेची हकीकत सांगितली आणि आपली परिषद त्याच जातीची आहे, असे म्हटले. तेथे परका संदर्भ विद्वत्तेसाठी आलेला नव्हता. श्रोत्याची स्वतःबद्दलची कल्पना मोठी करण्यासाठी आलेला होता. त्याच परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे बोलताना मात्र त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे कथलाचे, चांदीचे जड दागिने यांबद्दल सांगितले, कारण जात तेथे वेशात दिसत होती. श्रोता बदलला तशी विषयाची उंची बदलली, असे यात काही नाही. विषय श्रोत्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी धरला गेला. संविधान सभेत १७ डिसेंबर १९४६ रोजी, अनपेक्षितपणे नाव पुकारले गेल्यावर, प्रतिकूल मानल्या गेलेल्या सभागृहापुढे त्यांनी केलेले भाषण हा या कौशल्याचा आणखी एक नमुना आहे. त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

'मुक्ती कोन पथे?'चा शेवट बुद्धाच्या महापरिनिर्वाणापूर्वीच्या प्रसंगाने होतो. आनंद अखेरचा उपदेश मागतो आणि बुद्ध भिक्षूंना स्वतःच स्वतःचा आधार व्हावयास सांगतो. दीर्घ युक्तिवादानंतर आख्यान, ही मांडणी पाहताना कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगाची आठवण होते. त्यातील कथा मात्र पुराणातली नाही, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती नवीन असणार. ओळखीच्या आकृतीत अनोळखी आशय ठेवणे ही धर्मांतराच्याच प्रक्रियेची एक छोटी आवृत्ती म्हणता येईल. वीस वर्षांनी, १९५६ च्या ऑक्टोबरात, नागपूरला जे घडले त्याची श्रवणाच्या पातळीवरील पूर्वतयारी येथे दिसते.

आधुनिक सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहता, पेरेलमन आणि ओल्ब्रेख्ट्स-टिटेका यांनी १९५८ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. श्रोतृवर्ग म्हणजे सभागृहात हजर असलेली माणसे नव्हेत. वक्त्याने ज्यांच्यावर प्रभाव पाडण्याचे योजिले आहे असा समुदाय, आणि म्हणून तो काही अंशी वक्त्याचीच रचना असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. वॉल्टर ऑंग यांनी १९७५ मध्ये लेखकाचा वाचकवर्ग नेहमीच कल्पित असतो असे प्रतिपादन केले, ते याच दिशेचे आहे. परंतु या दोन्ही मांडण्यांत श्रोता गैरहजर राहण्याचा अधिकार बजावतो, ही शक्यता फारशी विचारात घेतलेली नाही. लाहोरचा श्रोता कल्पित राहिला तो सिद्धान्तामुळे नव्हे. त्याने ऐकण्यास नकार दिला म्हणून. छापील पुस्तकात आजही ते संबोधन तसेच आहे. न भरलेल्या सभेला उद्देशून 'तुम्ही' म्हटले जाते आणि वाचणारा प्रत्येक जण त्या रिकाम्या खुर्चीवर बसतो किंवा बसण्याचे टाळतो.

या सर्वनामाचा प्रश्न भाषांतरात अधिक तीव्र होतो. मराठी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांबरोबर ही दोन्ही भाषणे वाचताना मला हे वारंवार जाणवले आहे. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' असा भेद आहे. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. 'मुक्ती कोन पथे?'मध्ये 'आपण' आणि 'तुम्ही' यांच्यामधली ये-जा अर्थपूर्ण आहे: कारणमीमांसेत वक्ता श्रोत्यांत मिसळतो, आवाहनाच्या ठिकाणी त्यांना समोर उभे करतो. इंग्रजी भाषांतरात ही ये-जा निम्मी पुसट होते. उलट दिशेला, 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधील इंग्रजी 'तुम्ही' मराठीत आणताना भाषांतरकाराला आदराची पायरी ठरवावीच लागते. आणि ज्याच्याशी समतेच्या नात्याने बोलले गेले त्या सवर्ण श्रोत्याला नेमका किती आदर द्यावा, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न उरत नाही. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाल्याचे, तर मराठी, हिंदी, पंजाबी आणि मलयाळम भाषांतरे सुरू असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे ज्या पंजाबी श्रोत्याने इंग्रजी भाषण ऐकण्याचे नाकारले, त्याच्या भाषेत ते आणण्याचे काम तोवर सुरू झाले होते. या सहा भाषांतील संबोधने एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे काम तुलनाकारांनी हाती घेण्यासारखे आहे.